देवाचं माप कोणी घेतलं?

एकाच माणसाच्या नावाच्या दोन ओळी पडद्यावर दिसल्या की मी अजून दचकते. पुतण्याच्या लग्नात आमंत्रणाच्या यादीत एक काका दोनदा आले होते, तेव्हाही मी आधी खुर्चीचा हात धरला आणि मग यादी वाचली. घरचे हसले. त्यांचं बरोबरच आहे, काका दोनदा आले तर फार तर एक पत्रिका वाया जाते. मी ज्या ओळींबद्दल सांगते आहे तिथे पत्रिका नव्हती, एका बाईचा डोळा होता.

मी नगरमधल्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात संगणकाचं काम करते. जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण एसटीत कंडक्टरपुढे हात केला की माझ्या तोंडून अजून 'नगर'च निघतं. माहेर बेलापूरचं. वडील शाळेत लेखनिक होते, हजेरीपत्रकात खाडाखोड झाली तर दोन दिवस जेवताना बोलायचे नाहीत. त्यांच्याकडून मी नीटनेटकेपणाचा गर्व तेवढा घेतला, सबुरी घ्यायची राहून गेली.

आमच्या शिबिरांची पद्धत साधी आहे. गावात जाऊन डोळे तपासायचे. ज्यांचा मोतीबिंदू पिकलाय त्यांचा ऑपरेशनचा केसपेपर काढायचा, डोळ्याचं माप तिथेच मशीनवर घ्यायचं आणि चार दिवसांनी गाडी पाठवून सगळ्यांना नगरला आणायचं. ऑपरेशनमध्ये पिकलेलं भिंग काढून नवं बसवतात. नव्या भिंगाला नंबर असतो, तो या मापावरून ठरतो आणि माणसागणिक वेगळा. दुसऱ्याच्या नंबराचं भिंग बसलं म्हणून डोळा फुटत नाही, पण ज्यासाठी माणूस टेबलावर आडवा झाला ते त्याच्या पदरात पडत नाही.

हा नंबर पूर्वी केसपेपरवर हाताने लिहिलेला असायचा. आमच्या टेक्निशियनचा एक आणि सात सख्खे भाऊ शोभावेत इतके सारखे. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मॅडम दर शिबिराला त्याच्यावर ओरडायच्या. म्हणून मीच पुढे होऊन सांगितलं की यापुढे मी संगणकावरून छापील यादी देते: नाव, गाव, भिंगाचा नंबर. केसपेपर उलगडून बघायची गरजच नाही. मॅडम म्हणाल्या, "बरं होईल बाई." ते ऐकून मी आठवडाभर तरंगत होते. आपली यादी आली की चुका संपल्या, असं मला मनापासून वाटत होतं.

पहिल्या छापील यादीच्या वेळी दोन शिबिरं लागोपाठ होती. एक दिवस कर्जतला, दुसऱ्या दिवशी मिरजगावला. कर्जतला केसपेपर आमच्याच माणसाने काढले, एक ते बावीस. मिरजगावला गावातले एक निवृत्त गुरुजी मदतीला बसले होते. मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, नंबर तेवीसपासून टाका."

गुरुजींनी पेन खाली ठेवलं. "तेवीस? शिबिर आमच्या गावात आन् नंबर करजतच्या मागं? तालुका झाला म्हनून काय झालं?"

"तसं नाही हो, संगणकात सोपं जातं."

"आमच्या गावात कुठलंबी काम येकपासून सुरू हुतं. आन् येक नंबर देवाचा. ही रीतच हाय."

आणि त्यांनी पहिला केसपेपर खरोखर देवाच्या नावाने काढला. नावाच्या जागी 'श्री ग्रामदैवत', वयाच्या जागी आडवी रेघ, वर कोपऱ्यात कुंकवाचं बोट. मला गंमत वाटली, खोटं कशाला सांगू. ऊन तापायला लागलं होतं, शाळेच्या ओट्यावर म्हातारी माणसं ताटकळली होती. मी दोन मिनिटं वाद घातला आणि सोडून दिला. कुठल्या शिबिराचा पेशंट हे लिहायला संगणकात वेगळा रकाना होता, तो मीच केला होता. मग अडलंय कुठे, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या रांगेत सात नंबरला एक मावशी होत्या. साठीच्या, वाळक्या अंगाच्या, जवळच्याच एका वस्तीवर राहणाऱ्या. मी माझ्या वहीत नाव लिहून घेत होते तर त्यांनी माझं मनगट धरलं. "ताई, डाक्टरला सांग, मला सुईत दोरा ओवायचा न्हाई. शेळ्या वढ्याच्या पल्ल्याड गेल्या का दिसाया पायजेत. जवळचं मी हातानं चाचपून करते. लांबचं दिसंना म्हनून तर आले."

"दिसेल मावशी, सगळं दिसेल," मी म्हटलं. काय जातंय म्हणायला.

नगरला परतल्यावर मी सगळे कागद संगणकात चढवले. माणसांची एक यादी, मापांची दुसरी. हातात येईल तो कागद चढवत गेले, त्यात देवाचाही आला. देवाला वगळायचं माझ्या जिवावर आलं आणि त्याचंही नाव माणसांच्या यादीत गेलं. मग दोन्ही याद्या जोडून एक यादी करायची क्वेरी लिहिली, म्हणजे या माणसाचं हे माप, असं संगणकाला जुळवायला सांगितलं.

केसपेपर होते एक्केचाळीस. पडद्यावर ओळी आल्या सत्त्याहत्तर.

जवळजवळ प्रत्येक माणूस दोनदा दिसत होता. नाव तेच, गाव तेच, भिंगाचा नंबर मात्र एकदा एक आणि एकदा दुसरा. आता मागे वळून बघताना वाटतं, ते वेगळे नंबर ओरडून सांगत होते. मी ऐकलं नाही. मला वाटलं, घाईत मापं दोनदा चढवली गेली असतील, टेक्निशियनने एखादं माप परत घेतलं असेल. पाच वाजून गेले होते, साडेपाचची गाडी गाठायची होती. मी संगणकाला सांगितलं, प्रत्येक माणसाची पहिली ओळ ठेव, बाकीच्या काढून टाक. ओळी एक्केचाळीस झाल्या. केसपेपरही एक्केचाळीस. आकडा जुळला की माझ्यासारखी माणसं देव भेटल्यासारखी खूश होतात. तरी मी वरची पाच नावं केसपेपरशी ताडून पाहिली, पाचही बरोबर निघाली. शितावरून भाताची परीक्षा केली खरी, पण शितं सगळी एकाच कडेची उचलली. ती पाचही नावं कर्जतची होती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी थिएटरच्या दाराशी सिस्टर यादी घेऊन उभ्या होत्या. यादीची दुसरी प्रत आत होती. शुगरच्या पेशंटना उपाशी ठेवता येत नाही म्हणून त्यांना आधी घेतात. दोघं कर्जतचे आधीच होऊन गेले होते, तिसरं माणूस आत होतं. सिस्टरनी पुढच्यांसाठी मिरजगावचं पान वर काढलं आणि मला हाक मारली.

"अगं, हे बघ. मिरजगाव, एक नंबर, श्री ग्रामदैवत, लेन्स साडेएकवीस. तुमच्या देवालाही मोतीबिंदू झाला की काय?"

वॉर्डात काम करणाऱ्या दोन्ही बायका हसल्या. बाकावरचा एक पेशंट हसला. मीही मोठ्याने हसले, आणि हसता हसता माझं तोंड उघडंच राहिलं.

देवाचं माप कोणी घेतलं होतं?

कुणीच नाही. देव मशीनपुढे बसलाच नव्हता. त्याच्या नावापुढची मापाची जागा कोरी असायला हवी होती, नव्हे, माप नाही म्हणून तो यादीत यायलाच नको होता. मग साडेएकवीस कुणाचं? एक नंबर कर्जतलाही होता. तो खराखुरा माणूस होता आणि त्याचं माप घेतलेलं होतं.

शाळेत 'अ' तुकडीत सात नंबर असतो आणि 'ब' तुकडीतही असतो. तुकडी न सांगता नुसतं "सात नंबर, उभा राहा" म्हटलं तर दोघं उभे राहणारच. मी तेच केलं होतं. याद्या जोडताना नंबर जुळवायला सांगितला आणि शिबिर जुळवायला सांगायचं विसरले. त्यामुळे कर्जतच्या प्रत्येकाला मिरजगावचंही माप चिकटलं आणि मिरजगावच्या प्रत्येकाला कर्जतचंही. वर मी पहिली ओळ ठेवून दुसरी फेकून दिली. कर्जतची मापं आधी चढवलेली, म्हणून पहिली ओळ कायम कर्जतची. कर्जतवाले सुटले. मिरजगावच्या सगळ्यांच्या नावापुढे परक्याचा नंबर बसला.

हे सगळं इतकं सुरळीत मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा नुसती भीती होती. मी विचारलं, "आत कोण आहे?"

"शुगरची तिसरी. मिरजगाव, सात नंबर. शेळ्यावाल्या मावशी."

मला एकच शब्द बोलायचा होता. थांबवा. सिस्टर दोन हातांवर उभ्या होत्या, दार त्यांच्या मागेच होतं. मी म्हटलं, "एक मिनिट हं, आलेच," आणि माझ्या खोलीकडे चालू लागले. पळत नव्हते. चालत होते.

खात्री करायला जातेय, असं मी मनाशी म्हणत होते. कारण चालू ऑपरेशन थांबवायचं आणि माझं चुकीचं निघालं तर? आणि बरोबर निघालं तर? मला मॅडमच्या चेहऱ्याची भीती वाटली, नोकरीची वाटली, त्या हसणाऱ्या बाकाची वाटली. जिन्यावर एक विचार असाही आला की नवी यादी काढावी, जुनी गुपचूप बदलावी, कुणाला काही कळायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मावशींचा विचार त्या सगळ्याच्या मागे कुठेतरी होता. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

पासवर्ड दोनदा चुकला. क्वेरीत मी फक्त एक ओळ वाढवली: नंबर सारखा हवा आणि शिबिरही सारखं हवं. सत्त्याहत्तरच्या चाळीस ओळी झाल्या. काहीही काढून टाकावं लागलं नाही, फेकावं लागलं नाही. दुबार ओळी मुळात नव्हत्याच, मी त्या तयार केल्या होत्या. देव यादीतून आपोआप निघून गेला. मी मिरजगावचं पान काढलं आणि सात नंबर पाहिला. मावशींच्या भिंगाचा खरा नंबर वीस. माझ्या यादीत तेवीस.

मग मात्र मी पळाले. व्हरांड्याच्या टोकापासून "थांबवा, थांबवा" ओरडत आले, तशी बाकावरची माणसं उठून उभी राहिली. सिस्टर आत गेल्या. मी दारावरच्या लाल दिव्याकडे बघत उभी राहिले. त्या बाहेर आल्या तेव्हा मास्क खाली ओढलेला होता.

"बसली गं लेन्स," त्या म्हणाल्या. "आत्ताच."

मॅडम ऑपरेशन पुरं करून बाहेर आल्या. मी जुनं आणि नवं, दोन्ही पानं त्यांच्यापुढे धरली. त्यांनी सात नंबरावर बोट ठेवलं, या पानावर, मग त्या पानावर. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाकीचे?"

"कर्जतचे बरोबर आहेत. मिरजगावचे सगळे चुकलेत."

"पुढचं सगळं बंद. प्रत्येकाचा केसपेपर माझ्यासमोर आणा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्यांचा डोळा आज परत उघडायचा नाही. उद्या पट्टी काढून बघू आणि ठरवू. पट्टी काढताना तू तिथे हवीस."

त्या दिवशी घरी मी भाजीत मीठ दोनदा घातलं. नवऱ्याने विचारलं तर पित्त झालंय म्हटलं. डोळे मिटले की आपल्याला दिसत नाही, एवढी साधी गोष्ट, पण त्या दिवशी मला डोळे मिटायचीसुद्धा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मावशी खाटेवर बसल्या होत्या. मॅडमनी पट्टी सोडली, डोळा पुसला. मावशींनी आधी स्वतःचा हात समोर धरला आणि त्यांचं तोंड उजळलं. "अगं बया, बांगडीवरची नक्षी दिसाया लागली की!" मग त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कडक ऊन पडलं होतं. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"भाईर धुकं पडलंय का वं?"

मॅडमनी स्टूल पुढे ओढलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं, की भिंग दुसऱ्याच्या नंबराचं बसलंय, हातभर अंतरावरचं दिसेल, लांबचं दिसणार नाही. मी म्हटलं, "मावशी, यादी मी केली होती. चूक माझी आहे."

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं मारतील. त्यांनी माझी ओढणी धरून मला हातभर अंतरावर ओढलं. माझा चेहरा त्यांना तेवढ्यातूनच दिसत होता.

"तू तीच की, नाव लिवनारी."

"हो."

मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. लांबच्यासाठी कायम चष्मा लावायचा, नाहीतर दोन दिवसांनी पुन्हा ऑपरेशन करून भिंग बदलायचं. "चष्मा लावून शेळ्यामागं कोन पळतंय," मावशी म्हणाल्या. "बदला." आणि मग हळू आवाजात, "डोळा तर जायाचा न्हाई?"

"जायची शक्यता फार कमी आहे," मॅडम म्हणाल्या. "पण नाहीच जाणार, असं मी खोटं सांगणार नाही."

ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. चांगला होऊ शकणारा एक डोळा माझ्या एका विसरलेल्या ओळीमुळे पुन्हा सुरीखाली जाणार होता, आणि तो कायमचा गेला असता तर परत द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. सिस्टरनी बस म्हटलं, बसवेना. पट्टी निघाली त्या सकाळी मावशींनी खिडकीतून समोरच्या पाण्याच्या टाकीवरची कबुतरं मोजली. पाच म्हणाल्या. मी मोजली, पाचच होती. मी संडासात जाऊन कडी लावली आणि रडले.

दवाखान्याने लेखी अहवाल मागितला. मी लिहिलं, 'त्रुटी लक्षात येताच ऑपरेशन थिएटरला कळविले.' मॅडमनी वाचून सही केली. हसणं कधी झालं आणि ओरडणं कधी झालं, हे कुणी विचारलं नाही. सिस्टरनाही आठवलं नाही, किंवा त्यांनी आठवू दिलं नाही. मी आठदहा मिनिटं कुठे होते ते फक्त मला माहीत आहे, असं मी धरून चालले. तेव्हापासून यादी आणि केसपेपर दोन्ही मोठ्याने वाचायची पद्धत पडली, माझं कौतुकही झालं, की मुलीने चूक लपवली नाही. कौतुकाच्या वेळी मी जमिनीकडे बघत होते, लोकांना तो विनय वाटला.

दोन महिन्यांनी मावशी दुसऱ्या डोळ्यासाठी आल्या. येतील असं मला वाटलं नव्हतं. ऑपरेशनचे कपडे घालून त्या थिएटरच्या बाकावर बसल्या आणि मला बोलावणं धाडलं.

"यादी तूच केली का?"

"हो, मावशी."

"मग वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. नाव, गाव, शिबिर, डावा डोळा, भिंगाचा नंबर. एकेक शब्द झाला की त्या मागून म्हणत होत्या. संपल्यावर त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि घडी घातली.

"येक इचारू? त्या दिशी मी आत जागीच हुते. डोळा बधीर हुता, कान न्हाई. भाईर तुमी समदी हसलात, त्ये मी ऐकलं. मग लई येळ कायबी न्हाई. आन् मग तू वरडलीस. हसनं आन् वरडनं, ह्याच्या मधी तू कुटं गेल्तीस?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. खोटं बोलायची सोय होती, पण त्यांचा तो उजवा डोळा माझ्याकडे लागला होता आणि आता त्याला सगळं दिसत होतं.

"खात्री करायला गेले होते," मी म्हटलं. "माझं चुकत असेल तर, म्हणून. घाबरले होते."

सिस्टरनी दार उघडलं. मावशी उठल्या, कागद सिस्टरच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळून, रागाने नव्हे, आपल्या नातीला काम शिकवावं तशा म्हणाल्या,

"शेळी इहिरीच्या काठाला गेली, तर आमी आदी हाक मारतो, पोरी. कुनाची हाय त्ये मागनं बघतो."